सहीपुरता तरी ये

दादा,

तू भांडून गेल्यापासून आपला सुतारकामाचा कारखाना मी एकटीच रेटतेय. यंदा तोटा इतका झाला, की तो सगळा एकाच वर्षाच्या करात वळता होत नाही. उरलेला पुढच्या वर्षी न्यायचा, तर दोन्ही भागीदारांचे वेगवेगळे फॉर्म आणि सह्या हव्यात. उद्या शेवटची मुदत आहे.

दुपारी तुला फोन केला, तर वहिनीने उचलला. "ते बोलायचं नाही म्हणतात." मागे तुझा खोकला ऐकू आला.

मी चिडून करसल्लागार बाईंना म्हणाले, "भागीदारीच मोडून टाका."

"त्यालाही भावाची सही लागेल," त्या म्हणाल्या.

खरं तर मी कपाळाला हात लावायला हवा होता, पण माझ्या जिवात जीव आला. काहीही ठरलं तरी तुला एकदा यावंच लागणार. हे पत्र फाडून टाकते आणि वहिनीकडे फक्त सहीचा निरोप ठेवते.

तुझी भागीदार,
धाकटी