उथळ प्रत

सोमवार, ३ जून

पोहोचलो. ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद असला तरी मला मिळालेली खोली उजेडाची आहे आणि टेबल भिंतीशी काटकोनात बसते; मी तपासून पाहिले. आधीच्या नोकरीत माझे कोणाशीही पटले नाही हे ताईला ठाऊक आहे. तिच्या मते माझे स्वतःशीही पटत नाही, फक्त तिथून राजीनामा देता येत नाही. दारातच तिने मला न्याहाळले आणि निकाल दिला, की हाडांचा सापळा झाला असला तरी नाक होते तितकेच वर आहे. शेजारणीने माझ्या फोनवर आम्हा दोघांचे उभे, पायांपासून डोक्यापर्यंतचे छायाचित्र काढले. मी हसलो, असे त्यात दिसते.

आई गेल्यावर ताईनेच मला वाढवले. पुढच्या खोलीत तिचे पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. त्याच्या खटखटीच्या तालावर मी शाळेतली गणिते सोडवली. आज पुन्हा तोच ताल ऐकला. मान्य करतो, बरे वाटले.

बुधवार, ५ जून

कार्यालय छायाचित्रांच्या संग्रहाचे आहे: लाखो माणसांची, वस्तूंची, रस्त्यांची चित्रे. ती उघडणारा प्रोग्राम येथील एका ज्येष्ठ प्रोग्रामरने तीस वर्षांपूर्वी लिहिला. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या प्रोग्राममध्ये चित्र म्हणजे केवळ चार आकडे: रुंदी, उंची, एका रांगेची लांबी आणि मेमरीतला पत्ता, जिथे ठिपक्यांच्या रांगा मांडलेल्या असतात. त्या रांगा खालून वर मांडतात. माणसाचे चित्र असेल तर आधी पाय, शेवटी डोके. हे आकडे प्रत्येकाने हाताने सांभाळायचे. माझे काम या उघड्यावाघड्या रचनेभोवती एक सुबक क्लास (प्रोग्रामचे बंदिस्त आवरण) बांधण्याचे आहे, म्हणजे वापरणाऱ्याला पत्ते आणि रांगा यांचे तोंडही पाहावे लागणार नाही.

काकांचा प्रोग्राम चित्रासाठी मेमरीत घेतलेली जागा कधीच परत करत नाही. मी याला गबाळेपणा म्हटले. त्यावर काका शांतपणे म्हणाले, की या संग्रहात एकदा हातात घेतलेले चित्र सोडायचे नसते. त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाचे सोडले होते, आणि त्या भिंतीवर आज घड्याळ नाही. मी विचारले, खिळा तरी आहे का. ते म्हणाले, खिळा चित्रात नव्हता.

पदवीशिवाय या क्षेत्रात आलेल्या माणसांचे असेच होते. शिक्षणाची पोकळी ते गोष्टींनी भरतात.

सोमवार, १० जून

क्लास पूर्ण झाला. स्वतःच्या कामाची स्तुती करू नये असा संकेत आहे; तो बहुधा सामान्य काम करणाऱ्यांनी रूढ केला असावा. माझा नियम एका वाक्यात मावतो: जो चित्राचा मालक, त्यानेच जाताना जागा परत करायची. वापर संपताच ती आपोआप परत होते. चाचणीसाठी आम्हा भावंडांचे छायाचित्र वापरले: उघडले, प्रत काढली, प्रत मिटवली. चारशे चाचण्या, चूक शून्य. क्लास निर्दोष असल्याचे विभागप्रमुख बाईंना लेखी दिले आणि दुपारपासून सगळे कार्यालय तो वापरू लागले.

ताईला सांगितले. ती म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आधी हातपाय धुऊन ये.

बुधवार, १२ जून

ताईचे काम बिघडते आहे. पायपट्टीवर पाय नीट पडत नाही, ताल तुटतो. तिला नव्या चपला घ्याव्या लागल्या. जुन्या एकाएकी सैल झाल्या, असे तिचे म्हणणे. वयाबरोबर पाय लहान होत नसतात, हे मी समजावून सांगितले. ती म्हणाली, पायाला सांग.

माझे बूट मात्र घट्ट झाले आहेत. चामडे हलक्या प्रतीचे असावे.

गुरुवार, १३ जून

ताईच्या उजव्या पावलावर लहानपणी कात्री पडल्याचा व्रण होता. कात्री माझ्या हातून पडली होती, म्हणून जागा मला पक्की ठाऊक आहे. आज व्रण नाही. पाऊल गोरे, अरुंद, कोण्या तरुण मुलीचे.

मोजे काढून मी माझी पावले पाहिली. त्यांचे वर्णन लिहिणार नाही. ती माझी नाहीत.

शुक्रवार, १४ जून

सापडले. लिहायला लाज वाटते, कारण ही चूक नवशिकेच करतात आणि तिच्यावरून मी दोघांना सर्वांसमोर मूर्ख म्हटले आहे.

माझ्या क्लासने प्रत काढली ती उथळ. ठिपके उतरवून घेतलेच नाहीत, फक्त पत्ता उतरवला. खोली एकच, किल्ल्या दोन. प्रत मिटली तेव्हा तिने नियमाप्रमाणे खोली परत केली, आणि ती खोली आमची होती. सोडलेल्या जागेतले लगेच पुसले जात नाही. दुसरे काही येऊन वर बसेपर्यंत जुने तसेच दिसत राहते. म्हणून चारशे चाचण्या पार पडल्या. सोमवारपासून कार्यालयात उघडलेले ओळखपत्राचे प्रत्येक छोटे छायाचित्र आमच्या जागेतल्या काही रांगा खात आहे. खालून वर.

आमचे चित्र उघडून पाहिले. घोट्यांपर्यंत अनोळखी माणसे आहेत. फोनमधले छायाचित्रही तसेच झाले आहे.

नाव न घेता, एक काल्पनिक प्रश्न म्हणून, काकांना विचारले. ते म्हणाले, की क्लास सुधारून उपयोग नाही. जागा आधीच मोकळी म्हणून नोंदली गेली आहे. गेलेल्या रांगा परत येत नाहीत. सगळी यंत्रणा तिथल्या तिथे थांबवायची आणि पुन्हा कधीही चित्र उघडायचे नाही. उरले तेवढे उरते. मग त्यांनी विचारले, कोणाचे चित्र. मी म्हणालो, कोणाचेच नाही.

यंत्रणा थांबवायचा अधिकार फक्त विभागप्रमुखांना आहे. सोमवारी वरिष्ठांपुढे प्रात्यक्षिक आहे. माझे पत्र बाईंच्या टेबलावर आहे. निर्दोष, हा शब्द मी अधोरेखित केला होता.

तीन दिवसांत काय होणार आहे. सोमवारनंतर सांगेन.

सोमवार, १७ जून

प्रात्यक्षिक उत्तम झाले. टाळ्या. वरिष्ठांनी हौसेने चित्रांमागून चित्रे उघडायला लावली. मी उघडली. प्रत्येक वेळी मला माहीत होते.

घरी आलो तर मशीन बंद. ताई भिंत धरून उभी होती. गुडघे कोणाचे, पोटऱ्या कोणाच्या, दोन पायांची उंची वेगळी. ती म्हणाली, अरे, आज मला माझ्याच घरात पाहुण्यासारखे चालावे लागते आहे. हसत होती. मी तिला कारण सांगितले नाही.

मंगळवार, १८ जून

विभागप्रमुख बाईंकडे गेलो. क्लासमध्ये चूक आहे, माझी आहे, यंत्रणा थांबवा, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. बाई हसल्या. म्हणाल्या, की तुम्ही आणि चूक? इथे सगळ्यांच्या चुका काढणारे तुम्ही. आता विनय नको. सुट्टी हवी असेल तर सरळ मागा. आजपासून संग्रह लोकांसाठी खुला केला आहे. दिवसाला हजारो चित्रे.

ताईबद्दल सांगितले. त्यांनी पाणी दिले.

काका दाराशी उभे होते. कधीपासून ठाऊक होते, एवढेच विचारले. शुक्रवारपासून, म्हणालो. ते पाठ फिरवून निघून गेले. आतापर्यंत मला कोणी दिलेली ही सर्वांत कठोर शिवी.

बुधवार, १९ जून

हात गेले. तिचे आणि माझे, एकदमच. तिला सुईत दोरा ओवता येईना. सुई हातात धरून बसली होती — कसली वस्तू आहे, असे पाहत.

हे अक्षर माझे नाही. माझे ताठ होते. हे गोल, गिचमिड, शाळा अर्धवट सोडलेल्याचे. शुद्धलेखन मात्र अजून माझे आहे. तेवढे डोक्यात असते.

सगळे तिला सांगितले. शुक्रवारचेही. ती म्हणाली, प्रात्यक्षिक चांगले झाले ना रे?

गुरुवार, २० जून

यंत्रणेच्या खोलीला कुलूप. दार फोडायला गेलो — हात दुबळे, कोण्या म्हाताऱ्याचे. पहारेकऱ्याने बाहेर काढले. काकांनी बाईंना तीनदा सांगून पाहिले. बाईंनी माझे पत्र दाखवले.

तिचे खांदे गेले. मी तिच्याहून वीतभर उंच आहे. म्हणजे ती आधी संपेल — आणि ती वीत मला बघत राहावे लागेल.

शुक्रवार, २१ जून

सकाळ. हनुवटी, ओठ. आवाज दुसरा. डोळे तिचे. डोळ्यांनी मला जवळ बोलावले.

दुपार. डोळे नाहीत. म्हणजे आहेत —

तिने विचारले, आपण कोणाकडे आलात. इथे ती एकटीच राहते, म्हणाली. बसायला खुर्ची दिली. मशीन कोणाचे, विचारले. तिला माहीत नाही.

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, हरकत नाही, घर चुकते माणसाचे.

माझ्या मानेला गार — आता थोड्या रांगा. लिहून ठेवतो, निदान एकाला आठवत असेपर्यंत. ती माझी मोठी बहीण. तिने मला वाढवले. चूक माझी. तिचे नाव