फोडणी बंद होती ते दिवस

मंगळवार, सातारा. दिवेलागणीची वेळ

बरगडीवरची नागीण आज जरा शांत आहे. फोडांनी अजून खपली धरलेली नाही, म्हणून मी बाहेरच्या खोलीतच. सूनबाईला पाचवा महिना. डॉक्टर म्हणाले, तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर फारशी काळजी नाही, नसतील तर लांब राहा. तिला काही आठवेना. चार दिवस मी तिच्याशी बंद दारातून बोलतोय. पलटणीत सतरा वर्षं काढली, पण असा पहारा कधी दिला नाही.

आज तिने इस्लामपूरला आईला फोन लावला, स्पीकरवर. विहीणबाई म्हणाल्या, "आवं पाव्हणं, आल्या हुत्या की! लय आल्या हुत्या. कांजिण्यात देवीला चालत न्हाई म्हून नऊ दिस घरात फोडणी दिली न्हाई मी. हिचे बाबा वैतागून भावाकडं जेवायला जायचे."

साल आठवेना, पण फोडणी बरोबर आठवली! तरी डॉक्टर तिचं रक्त तपासू म्हणतात. तपासू.

मग सूनबाईने दाराबाहेरून विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी आल्या होत्या?"

मला आठवत नाही, म्हणालो. माझ्या आईला माहीत असणार, पण तिला जाऊन बारा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, अंगात जुन्या कांजिण्या असल्याशिवाय नागीण उठत नाही. म्हणजे आमच्याही घरी कधीतरी नऊ दिवस बिनफोडणीची आमटी झाली असणार, माझ्यापायी. ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. ही नागीण तेवढी आहे.