बिरूच्या पायांबद्दल विचारलंस ते

पासली,
ता. १२ जानेवारी १९३७

आनंदा,

घरी समदी बरी हायती. आईचा खोकला उतरला. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझी वहिनी म्हणते, भाऊजी चार दिस थांबले असते तर खरवस खाऊन गेले असते. दरवेळी मास्तरांकडनं लिहून घेतो, पण आज मी स्वतःच बसलोय. चौथीपतूर शिकलेला माणूस, अक्षर वाकडं हाय, सांभाळून वाच.

तुझं पत्र काल मिळालं. बिरू अजून फळीवरच हाय, कमरेखाली त्याला काय बी कळत न्हाई, आणि शुक्रवारी डाक्टर त्याला घरी धाडणार, हे वाचलं. पाय तो पडला तवाच गेले असतील तर पुण्याला नेऊन उपेग न्हाई, पण मागनं, हलवताना गेले असतील तर तिथं पालथं ठेवून प्लास्टरात घालतात, थोडी आशा असते, हेबी वाचलं. बिरूला पडल्यावरचं काय बी आठवत न्हाई, म्हणून तू विचारतोस, दादा, नीट आठवून सांग. सांगतो. पण आधी माझं थोडं ऐकून घे.

तू बसऱ्याच्या लढाईत जखमी माणसं वाहायला गेलास, मग भोरच्या दवाखान्यात कंपौंडर झालास, आणि आनंदाचा आनंदराव झालास. मी गेनबा तो गेनबाच. आजा हाडं बसवायचा, बा हाडं बसवायचा, बानं ती विद्या माझ्या हातात दिली, तुझ्या न्हाई. मोसे खोऱ्यापासनं किती लोकं ह्या ओट्यावर हात गळ्यात बांधून आली आणि हसत गेली, ते तूच मोजायचास लहानपणी. आता तू चार दिसांच्या रजेवर आलास की तीच लोकं तुझ्या भोवती बसत्यात. गुडघा दुखतो म्हणून माझ्याकडं येणारी म्हातारीबी विचारती, आनंदराव कवा यायचे? आई तुझ्या ताटात तूप वाढती तवा माझ्याकडं बघत न्हाई. हसू नको. चाळिशी उलटलेला माणूस तुपावरनं जळतो, हे लिहायला मला सोपं जात न्हाई.

दिवाळीत तू अंगणात चिमाजीला आडवा पाडून समद्यांना दाखवलंस. उंचावरनं पाठीवर पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं न्हाई, वाकवायचं न्हाई. पाय हलतात का ते आधी बघायचं, काटा टोचून कुठवर लागतंय ते बघायचं. मग एकानं डोकं धरायचं, तिघांनी एका दमात ओंडक्यागत कुशीवर करायचं, खाली दार सरकवायचं, आणि दारावर बांधूनच न्यायचं. झोळीत घालायचं न्हाई म्हणालास. आपल्या डोंगरात तर आजवर समदी माणसं झोळीतनंच उतरली. लोकं माना डोलवत होती. मी गोठ्यात निघून गेलो. तुला वाटलं, दादाला पटलं न्हाई. अरे, पटलं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

ह्या खेपेला रजेवर आलास, तर बिरू पडला त्या दिवशी तू मार्गासनीला सासऱ्यांकडं गेला होतास. शेरडांना पाला तोडताना तो जांभळीवरनं खाली खडकावर आपटला. त्याचा बाप आबा डोंगरावरच्या वस्तीवरनं पळत आला आणि दारातनं विचारलं, आनंदराव हायती का? मी समोर ओट्यावर बसलो होतो. म्हणलं, तो न्हाई, मी हाय. आबा जरा थांबला. मग म्हणाला, बरं, तुमी चला. त्याचं ते थांबणं वस्तीपतूर माझ्या डोक्यात होतं.

वर गेलो तर बिरू उताणा पडलेला. डोक्याला खोक, अर्धा शुद्धीत, तोंडानं काहीबाही बरळत होता. बायको भामाबाई पाण्याला धावली. आबा म्हणाला, आनंदराव दारावर न्यायला सांगत होते, झोपडीचं दार काढून आणतो. तो दार खांद्यावर घेऊन आला तवा म्या सांगितलं, परत लाव ते. माझ्या बापानं चाळीस वर्सं माणसं झोळीतनं उतरवली, तुमी मला शिकवू नका. बिरूला उठवून बसवला. बा करायचा तसा पाठीत गुडघा दिला, खांदे मागं ओढले. मग घोंगडीची झोळी केली, बांबूला टांगली, आणि निघालो.

अर्ध्या उतारावर त्याला पुरती शुद्ध आली. म्हणाला, "गेनबादा, माझं पाय आत हायती का भाईर लोंबत्यात?"

पाय त्याच्या पोटाशी दुमडलेले होते.

खाली ओढ्यापाशी तू भेटलास. झोळी उतरवलीस, कुणाच्या तरी घरचं दार आणवलंस, त्याला कुशीवर करून त्यावर घेतलंस. अंगठ्यापासनं टोचत टोचत वर आलास, कमरेच्या वर गेल्यावर तो म्हणाला, लागलं. मग तू मला विचारलंस, "दादा, तू गेलास तवा पाय हलवत होता का?" म्या म्हणलं, "न्हाई. मी गेलो तवाच गेलेले होते." तू झोळीवरनं मला लोकांदेखत एक शब्द बोलला न्हाईस. चारचौघांत शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं पडलं असतं.

आता वस्तीवर काय बोलतात ते तुला कुणी लिहिलं नसेल. भामाबाईचा भाऊ म्हणतो, आनंदरावानं ओढ्यात त्याची उलथापालथ केली, म्हणून पाय गेले. तो हे बोलला तवा मी तिथंच उभा होतो. खरं लिहितो, ऐकून मला बरं वाटलं. दोन दिस जेवण गोड लागलं. लोकं परत माझ्याकडं यायला लागली होती. आणि काल तुझ्या पत्रात वाचलं, की दादा, कुशीवर करताना माझ्याच हातून काही झालं का, ह्या विचारानं अन्न जात न्हाई.

तर आता ऐक. आबा दार काढायला गेला होता, भामाबाई पाण्याला गेली होती. आमी दोघंच होतो. कुणी बघत न्हाई असं पाहून म्या करवंदीचा काटा मोडला. तुझंच बघून. डाव्या तळव्याला टोचला, त्यानं पाय ओढून घेतला. उजव्याला टोचला, तोबी ओढला. म्हणलं, बिरू, अंगठे हलव. दोन्ही हलवले, आनंदा. चांगले हलवले. तेवढ्यात आबा दार घेऊन येताना दिसला आणि म्या काटा फेकून दिला. त्या दारावर बिरू बरा उतरला असता तर गावानं तुझंच नाव घेतलं असतं. एवढंच मनात होतं. दुसरं काय बी न्हाई. म्या बसवला तवा तो ओरडला आणि त्याचे पाय दोन बाजूंना सैल पडले. ते म्या पाहिलं, आणि पाहूनबी झोळी बांधली.

हे पत्र डाक्टरांना वाचून दाखव. आजच्या आज. मग तिथं बिरूपाशी असलेल्या भामाबाईला वाचून दाखव, तिचा भाऊ त्याला न्यायला येईल तवा त्याच्यासमोर. माझी बाजू घेऊ नको. अडाणी हाय, चुकून झालं, असलं काही सांगू नको. मला समदं ठाऊक होतं, तूच शिकवलं होतंस.

सोनबा उद्या उजाडताच केळदच्या खिंडीनं निघतोय, शुक्रवारच्या आत तुझ्या हाती देईल. मी आता वर वस्तीवर जातो, आबाला तोंडानं सांगायला. तो जे करील ते करो. तुझ्या वहिनीला म्या सांगितलंय, आईला अजून न्हाई.

खाली सहीला 'दादा' लिहीत न्हाई. बिरूचं काय होतं ते कळू दे, मग मला काय म्हणायचं ते तू ठरव.

गेनबा