चार बोटं डावीकडे

प्रिय उत्तरा,

आधी माझ्या हातच्या वस्तूंची यादी देतो. माझ्याबद्दल कुणी काही ठरवायचं असेल तर त्याने ती वाचून ठरवावं, असं मला वाटतं. भंगारातल्या टेपरेकॉर्डरमधून काढून जुळवलेला अ‍ॅम्प्लिफायर, तेव्हा वय वर्षं पंधरा. चाळीच्या गणपतीचे दोन स्पीकरबॉक्स, अठरा मिलिमीटर प्लायचे, खिळा एकही नाही, सगळं स्क्रूवर. अजून दर भाद्रपदात वाजतात. आमच्या पोटमाळ्याची घडीची शिडी, नऊ पायऱ्या, एकही करकरत नाही. पद्मजाची सतरा डब्यांची मांडणी, प्रत्येक खण त्या त्या डब्याच्या मापाचा. तुझ्या आईच्या मोरीचा दरवाजा, जो पावसाळ्यात फुगत नाही. आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला एक चार इंची स्पीकर, झाकणाला खिळ्याने पाडलेली एकवीस भोकं. तो तुला माहीत आहे. आयटीआयचं तोंड मी कधी पाहिलं नाही. जे शिकलो ते उघडून, बिघडवून आणि परत जोडून. तर या यादीत गेल्या रविवारी आणखी एका वस्तूची भर पडली. माझ्या हातून लागलेली ही पहिली वस्तू, जी मध्यावर नाही.

तू पाठवलेला साउंडबार शुक्रवारी आला. तुझा मेसेज मी पद्मजाला मोठ्याने वाचून दाखवला होता: आईला ऐकू येत नाही, टीव्ही एवढा मोठा लावते की मेलबर्नहून केलेला फोन वाजलेला तिला कळत नाही, उद्या पडली-झडली तर कुणाला पत्ता लागणार नाही. हा बार लावून बघ, फरक पडला तर ठीक, नाहीतर डिसेंबरमध्ये येऊन मी तिला कर्जतच्या वृद्धाश्रमात ठेवते, फॉर्म भरलाय. त्याखाली आणखी एक ओळ होती, तिच्याकडे नंतर येतो. पद्मजाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही भिंतीवर नुसता बार नाही टांगणार, काकूंचं घर टांगणार." एवढंच बोलून ती भाकऱ्या थापायला बसली. मी मात्र दोन दिवस खोक्यातले चार स्क्रू तळहातावर घेऊन उगाच बघत होतो.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर गेलो. टीव्ही आहे तो आपल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर, जिथे तुझं अभ्यासाचं टेबल असायचं तिथेच. काकू खाटेवर वाल सोलत बसल्या होत्या. बारबरोबर आलेला कागदी साचा टीव्हीच्या खालच्या कडेपासून बरोबर दोन इंचांवर चिकटवला. लेव्हल लावली. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत साचा तीनदा काढला, तीनदा लावला. काकू म्हणाल्या, "मेल्या नंद्या, भिंतीचा लगीन लावतंस काय रे?" मी हसलो नाही. काम करताना मी हसत नाही, हे तुला माहीत आहे. ड्रिलच्या बिटवर पंचेचाळीस मिलिमीटरला लाल टेप गुंडाळली, म्हणजे त्यापुढे जायचं नाही. भोकाच्या खाली जुनं पाकीट चिकटवलं, म्हणजे भुगा वालांत पडायला नको. डावं भोक झकास पडलं, विटेची लाल पूड पाकिटात जमली. मग उजवीकडे मशीन टेकवलं आणि बिट आत बुडालं. पिठाच्या डब्यात बोट जावं तसं. लाल टेप कधी आत गेली ते कळलंही नाही, आणि पलीकडून, म्हणजे माझ्याच घरातून, पद्मजाचा आवाज आला, "अहो, माझ्या हळदीच्या डब्यावर काय पडतंय हे?"

या घाटकोपरात मी किती घरांच्या भिंतींना भोकं पाडली असतील, पण कुणाची भिंत आरपार गेली नव्हती. गेली ती माझीच. मशीन बंद केलं, पाकिटात पाहिलं. पूड लाल नव्हती. पिवळट होती, चिकट, बारीक शेवयांसारखी वळलेली. नाकाजवळ नेली. चंदनाचा वास आला, इतका पुसट की आला की मीच आणला ते सांगता येईना. परत हुंगलं, आणि मशीन बाजूला ठेवून खाली जमिनीवर बसलो.

तुला एव्हाना आठवलं असेल. मला बसेपर्यंत आठवलं नव्हतं, याची लाज वाटते. जमिनीपासून सव्वातीन फूट, खिडकीच्या चौकटीपासून एक हात, हे माप मीच घेतलेलं. तुझ्या बाबांची कापडगिरणी बंद झाल्यावर तुमच्याकडचा रेडिओ विकला गेला होता. तू बारावीला होतीस आणि नळावर हंडा भरता भरता सहज म्हणालीस, घर फार गप्प झालंय रे, पुस्तक उघडलं की झोप येते. तुला तेवढंच म्हणायचं होतं. मी त्याच दुपारी भिंत मोजली. खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की छिन्नीवर हातोडा मारायचा, पट्टा थांबला की थांबायचं. चार दुपारी लागल्या. पाचव्या दुपारी तार तुझ्या टेबलावरच्या पुस्तकांमागे निघाली आणि तिच्या टोकाला तो बिस्किटांचा डबा.

आवाज इतकाच ठेवायचा की एका कानाला पुरेल. एक टकटक म्हणजे कमी कर, दोन म्हणजे वाढव. तीनचं काही ठरलं नव्हतं. काकू भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असायच्या. दुपारची फर्माईश लागायची, पत्रे तापून टिकटिकायचे, पिठाचा गोड करपट वास वर चढायचा, आणि मी माझ्या बाजूला भिंतीला पाठ टेकून बसायचो. माझ्याच रेडिओतलं गाणं मला तुझ्या खोलीतून परत यायचं. जरा उशिरा, जरा ओलसर होऊन, जसं काही तुझ्या वहीवरून, तुझ्या वेणीवरून फिरून आलंय. शास्त्रात असं होत नाही, मला ठाऊक आहे. आवाजाला चार इंची विटेतून यायला वेळ लागतच नाही. पण तेव्हा लागायचा. पुढे मी किती महागडी यंत्रं उघडली, मालाडच्या साउंडवाल्याकडे सहा वर्षं मोठमोठे कार्यक्रम वाजवले, पण आवाजाला तसं सावकाश चालताना परत कधी ऐकलं नाही.

मग तुझं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दुपारी तीन टकटक आल्या. मी भिंतीशीच होतो. मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तार ओढली तर ती हलकी होऊन हातात आली, पलीकडचं टोक कापलेलं. मला वाटलं, तू कापलीस. बरोबर केलंस, असंही वाटलं. माझ्या बाजूने भोकात लांबी, म्हणजे पुट्टी भरली, वर कॅलेंडर लावलं, पुढे माझं लग्न झाल्यावर त्या जागी पद्मजाची मांडणी आली. बत्तीस वर्षं मला तसंच वाटत होतं, गं.

काकू वाल सोलायच्या थांबल्या नव्हत्या. माझ्या हातातल्या पाकिटाकडे न बघताच म्हणाल्या, "तो साबण माझो. तारपण मीच कापलंय. तिच्या बापाशीक कळला असता तर तुझे हात मोडल्यान असते." घरात सिमेंट कुठून असणार? तुझ्या लग्नाला म्हणून आणलेल्या चंदनी साबणांतली एक वडी त्यांनी भिजवून मऊ केली, भोकात कोंबली आणि वरून चुना फिरवला. मी म्हटलं, पण काकू, तुम्ही तर झोपलेल्या असायचात. तेव्हा मात्र त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, पोरीसारख्या. "मी खंय निजलंय? मीपण ऐकत होतंय." ती दुपारची फर्माईश आपल्या दोघांचीच नव्हती, उत्तरा. तू गेल्यावर महिन्याभराने, घर फारच गप्प झालं तेव्हा, त्यांनी केसातल्या आकड्याने तो साबण उकरून काढायचा प्रयत्न केला होता. तोवर तो दगड झाला होता.

आता मुद्द्यावर येतो, कारण तुला डिसेंबरच्या आत ठरवायचंय. मी काकूंना सरळ विचारलं, मग टीव्ही एवढा मोठा का लावता? त्या म्हणाल्या, "माका काय बहिरी समजलास तुम्ही सगळ्यांनी? तो माझ्यासाठी नाय. तुमच्यासाठी." सकाळी टीव्ही गरजला म्हणजे म्हातारी उठली, दुपारी गरजला म्हणजे जेवली, हे भिंतीपलीकडे आम्हाला कळावं म्हणून. एक दिवस नाही गरजला तर नंद्या धावत येईल, हा त्यांचा हिशोब. दहा वर्षं त्या कानठळ्या सोसत बसल्यात, आणि त्याच गोंगाटात तुझा फोन बुडतो. आम्ही इकडे म्हणतो, बिचाऱ्या काकूंचे कान गेले, आणि तू तिकडे फॉर्म भरतेस.

मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, म्हणून तपासलं. माझ्या खोलीत गेलो, मांडणी बाजूला सरकवली, भोकाला तोंड लावून हळू आवाजात दहा आकडे बोललो. काकू खाटेवर, भिंतीकडे पाठ, अंतर नऊ फूट. दहातले नऊ बरोबर सांगितले. दहाव्याला म्हणाल्या, "ह्यो काय आकडो? तोंडातला पान थुकून बोल." माझ्या तोंडात खरंच पान होतं. त्यामुळे दहाव्याचा दोष माझा. पडण्याचंही तपासलं: मोरीत हाताला धरायला कडी नव्हती, ती त्याच संध्याकाळी बसवली, माझं वजन टाकून पाहिलं, हलली नाही.

पद्मजाने हे सगळं भोकातून ऐकलं होतं, साबणासकट आणि तारेसकट. मी घरी आलो तेव्हा डबे पुसत होती. म्हणाली, "माझ्या हळदीच्या डब्यामागे एवढं सगळं होतं होय!" मग हळदीचा डबा खाली काढून ठेवला. मग म्हणाली, "आता ते बुजवू नका. मांडणीचा तेवढा एक खण मोकळा ठेवते." चोवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामात केलेली ही पहिली सूचना, आणि मला त्यात एक मिलिमीटरही कमी-जास्त करावासा वाटला नाही.

माझ्या धंद्यात अशा भोकावर एकच उपाय असतो: सिमेंट भरायचं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत पाडायचं. बार टीव्हीच्या मध्याखालीच हवा, त्याशिवाय मी पैसे घेत नाही. मी तो चार बोटं डावीकडे लावला. उजवं टोक भोकाच्या अलीकडे संपतं. भोकात पितळी नळीचा तुकडा बसवला, दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत केली, तुझ्या आईच्या बाजूला मुंगीही अडखळणार नाही. तू येशील तेव्हा दारातूनच तुला बार वाकडा दिसेल. तो वाकडा नाही, सरकलेला आहे. लेव्हल अजूनही लावून बघ.

सकाळी सहाला काकू नळीवर दोनदा टकटक करतात, पद्मजा दोनदा उत्तर देते. सव्वासहापर्यंत आवाज नाही आला तर किल्ली आमच्या खिळ्यावर आहे. एक टकटक म्हणजे ये जरा. काकूंनी विचारलं, आणि तीन? मी म्हटलं, तीन आपण ठेवायच्या नाहीत. टीव्ही आता आठवर असतो, आणि काल तुझा फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला, हे तू पाहिलंस. बारचा आवाज उत्तम आहे, बोलणं कसं सुटं सुटं ऐकू येतं. तरी दुपारी त्या त्यावर जुनी गाणी लावतात आणि आवाज दोनवर आणतात. तेवढाच नळीतून आमच्या डब्यांपर्यंत येतो. मी जेवून भिंतीला पाठ लावून बसतो. जरा उशिरा येतो तो आवाज. जरा ओलसर.

तेव्हा कर्जतचा फॉर्म फाडून टाक. डिसेंबरमध्ये ये, पण राहायला ये. आणि आता तुझ्या मेसेजमधली ती शेवटची ओळ. तिच्यासाठीच हा कागद घेतला, कारण फोनवर मी चिडलो असतो. टीव्ही टांगण्याचे, वायरिंगचे, दुरुस्तीचे पैसे मी सगळ्यांकडून घेतो, रोख, घासाघीस न करता. तो माझ्या हातांचा भाव आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या भिंतीला कान लावून बसायचं मी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. तुझ्याकडूनही नाही. म्हणून तुझी ओळ, जशी आली तशी, तुला परत पाठवतो: आईवर लक्ष ठेवायचे, दरमहा पंधरा हजार रुपये.

तुझाच,
भिंतीपलीकडचा नंदू