सृष्टीला मोठीमायपाशी ठेवा

मी दीपमाला हनुमान नरोटे, वय सव्वीस, शाळा सातवीपर्यंत, राहणार औंढ्याजवळची धनगरवस्ती. मी शुद्धीवर हाय. कुणी धाक दाखवून मला लिहायला बसवलं न्हाई. धाक हाय तो परवाच्या आपरेशनचा. नांदेडचे डॉक्टर म्हनले, काळजाची झडप बदलायची, बहुतेक नीट होशील. बहुतेक म्हनले म्हणून लिहून राहिले. संगं कोन येनार ते अजून ठरलं न्हाई.

एक. पत्र्याच्या दोन खोल्या माझे मालक वारल्यावर माझ्या नावावर झाल्या. त्या माझ्या लेकीच्या, सृष्टीच्या. ती तीन वर्षांची हाय. अठराची होईस्तोवर कुणी इकू नये. मागचा पत्रा गळतो, तिथं धान्य ठेवू नका.

दोन. मालकाची घोंगडी बी सृष्टीची. मी ती धुतली न्हाई. तुमी बी धुऊ नका.

तीन. प्रार्थनेच्या गाण्यांची वही हिंगोलीच्या सपनाला. दोघी एकाच वर्षी येशूच्या मागं लागलो. मला मायेनं हाक मारनारी आता तीच, ती बी फोनवर.

चार. इथं हात थांबून राहिला. सृष्टीला माझ्या मोठ्या जावेकडं, चांगुणाबाईकडं द्यावं. पालक म्हणून तीच.

सपना फोनवर रडली. म्हनली, "अगं, जिनं तुझ्या हंड्याचं पानी सांडून दिलं तिला लेकरू?" खरं हाय. मी प्रार्थनेला जाऊ लागले तवा चांगुणाबाईनं माझी भांडी वेगळी केली. माझ्या घरचं पानी पीत न्हाई, वाटी उचलत न्हाई. तिचं बघून सगळी वस्ती तशीच. मालकाला ट्रकनं उडवलं त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हनली, "हिच्या प्रार्थनेनं खाल्लं त्याला." मी वर्षभर तिच्या नावानं बोटं मोडली, हे बी लिहिते. मंग प्रार्थनेत शिकवलं तसं रोज आधी तिच्यासाठी हात जोडू लागले. पहिले नुसतं तोंडानं. ती तापानं पडली तवा तिच्या शेळ्यांना पाला टाकला. बरी झाल्यावर म्हनली, "कोनी सांगितलं व्हतं तुला?"

पन मी तिला बघितलं हाय. माय मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं तर त्या शेळीचंच दूध करडाच्या अंगाला चोळतात. शेळी लाथा घालती. चांगुणाबाई तिचं मुंडकं धरून दिवसभर बसती. शेळीनं हुंगून जवळ घेईस्तोवर उठत न्हाई. तिच्या हातचं एक करडू वाया गेलं न्हाई. सृष्टी तिला मोठीमाय म्हनती, दिवसभर तिच्याच शेळ्यांत असती.

काल तिच्या कवाडापाशी जाऊन सांगितलं.

"मला काहून सांगती? तुझ्या येशूला सांग की, पोरगी सांभाळ म्हणून."

"सांगितलं, बाई. त्यानं तुमचंच नाव घेतलं."

"थट्टा करती व्हय?" म्हनली अन् कवाड लावून घेतलं.

तिनं व्हय म्हनलं न्हाई. तरी लिहिते. अट घालत न्हाई. मला बोल लावला तर लावू द्या, फकत पोरीसमोर नको. माझ्या पाच शेळ्या बी तिलाच. हे पोरगी सांभाळायचं मोल न्हाई. तिच्याकडं त्या बऱ्या राहतील.

पाच. मला कुठं पुरायचं यावरून कुणी भांडू नका. मालकाशेजारी जागा दिली तर बरं. न्हाई दिली तर कुठं बी.

सहा. हे सह्या करायच्या आधी वाढवलं. आत्ता चांगुणाबाई दारात आली व्हती. उंबऱ्याच्या आत आली न्हाई. इचारलं, "पोरगी दूध कशात पिती?"

"पितळी पेल्यात."

"दे."

पेला खरकटा व्हता. धुऊन देते म्हनलं, तर तसाच हातातून घेतला अन् पदरात बांधून गेली.

म्हणून तो पेला बी तिचा.

सही: दीपमाला हनुमान नरोटे

साक्षीदार, माझ्यासमोर सही केलेले:
१. संतराम गुरुजी
२. आशाबाई, अंगणवाडी

ठिकाण: धनगरवस्ती, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली
तारीख: १९ नोव्हेंबर २०२४