बस येईपर्यंत

९ जानेवारी २००६, मॉरिसव्हिल

आजही 'नाही'. माझा बॉस ग्रेग कोट न काढता ऑफिसच्या किचनमध्ये उभ्यानं कॉफी प्यायला लागला, तेव्हाच कळलं. ही तिसरी काउंटी, म्हणजे तिसरा जिल्हा. स्कूल बोर्डाची माणसं म्हणे छान ऐकतात, माना डोलावतात, 'विचार करू' म्हणतात आणि घरी जातात. वस्तू इतकी साधी आहे! शाळेच्या बसमध्ये आमचा डबा बसवायचा, आईबापांनी एक नंबर फिरवायचा, की फोनमधला आवाज सांगतो बस कुठवर आली. आणि तो चालतो. सॉफ्टवेअर मी लिहिलंय, मला माहीत आहे चालतो.

ग्रेग म्हणाला, "वैशाली, या वर्षीची एकच काउंटी उरलीय. या वेळी तू बोल. तू बनवलंयस."

मी?? मी दुकानात 'व्हिनेगर' मागितलं तरी लोक 'पार्डन?' म्हणतात. तरी हो म्हणून आले. का म्हणाले कोण जाणे.

१० जाने.

रात्री नवऱ्याला, मिलिंदला, सगळं सांगितलं. ही काउंटी गेली तर ग्रेग उन्हाळ्यात कंपनी बंद करणार. माझी ग्रीन कार्डची फाइल याच कंपनीकडून. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर नागपूरचं तिकीट.

मि. म्हणतो, "अगं, तू मला दर शनिवारी मॉलमध्ये जायला कन्व्हिन्स करतेस. बोर्ड काय चीज आहे?"

१४ जाने., शनि.

संक्रांत. गूळ फार कडक झाला, तिळाच्या वड्यांऐवजी फरशी तयार झाली. दुपारी प्रेझेंटेशन पुरं केलं. चाळीसच्या वर स्लाइड झाल्या. आर्किटेक्चरची आकृती तर अशी देखणी झालीय की फ्रेम करावी. जेवणानंतर मि.ला सोफ्यावर बसवून सगळं म्हणून दाखवलं. आकृती येईपर्यंत तो झोपला, हातात तिळाची वडी तशीच. उठल्यावर म्हणाला, "छान होतं. खूप इन्फर्मेशन होती."

मेलं माझं प्रेझेंटेशन.

१६ जाने.

आज सुट्टी. मि.चे बाबा वर्ध्याहून आल्यापासून कंटाळलेत. इथं पायी कुठं जाता येत नाही, वाचलेला पेपर पुन्हा वाचतात. म्हणाले, "मला दाखव तुझं ते."

सुरू केलं तर पाचव्या मिनिटाला हात वर. "बेटा, तुझं इंग्रजी मला भराभर समजत नाही. मराठीत सांग."

मराठीत सांगायला गेले आणि जीभच अडकली. 'एंड टू एंड सोल्यूशन'. टोकापासून टोकापर्यंतचा... उपाय?

"कशावरचा उपाय? खोकल्यावरचा?"

पुढची स्लाइड. तीही मराठीत येईना. त्याच्या पुढचीही. मग लक्षात आलं, माझं मराठी कच्चं नाही, त्या स्लाइडमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतंच! इंग्रजीत ते झाकलं जात होतं एवढंच. मी हसायला लागले, बाबाही हसले, आम्हा दोघांना थांबता येईना. जी स्लाइड बाबांना मराठीत सांगता येत नाही ती काढायची, असं ठरवलं. संध्याकाळपर्यंत नऊ उरल्या. आकृती काढताना जिवावर आलं. तीन रविवार गेले होते तिच्यात.

२० जाने.

बाबांनी पंचवीस-तीस वर्षं विमा विकला, वर्ध्याच्या आसपासची सगळी गावं मोटरसायकलवर पालथी घातली. आज चहाला सहज विचारलं, लोक खिशातून पैसे काढायचे कसे?

"मी पॉलिसीबद्दल बोलतच नसे. त्याच्या घरी बसायचो, त्याला घोर कशाचा आहे ते ऐकायचो. मग फॉर्म पुढं करायचा आणि पेनचं टोपण काढून हातात द्यायचं. टोपण लावलेलं पेन दिलं की माणूस म्हणतो, उद्या बघू." मग माझ्याकडे बघून, "तुझ्या लोकांनी सही कुठं करायची?"

शेवटची स्लाइड काढून बघितली. 'थँक यू. एनी क्वेश्चन्स?' त्यांनी करायचं काय, हे मी कुठंच मागितलं नव्हतं. ग्रेगनंही तिन्ही वेळा मागितलं नसणार. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि आम्ही बोर्डापुढे गप्प!

२४ जाने.

घोर कशाचा ते ऐकायला आज सकाळी त्या काउंटीत गेले. मुख्य रस्त्यापासून आत, मोबाइल होम्सची, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांची वस्ती, तिथला बस स्टॉप. स्टॉप म्हणजे नुसता खांब. अंधार, बोचरी थंडी. एक बाई दोन मुली घेऊन उभी, कडेवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं बाळ, अंगात सुपरमार्केटचा युनिफॉर्म. नाव डेनिस. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. विचारलं, बस केव्हा येते?

"येते तेव्हा येते, हनी."

लवकर आली आणि चुकली तर मुलींना स्वतः सोडावं लागतं, मग कामावर उशीर. उशिरा आली तर बाळ गारठतं. म्हणून रोज बरीच आधी येऊन उभी राहते. तक्रारीचा सूर नाही. उलट मलाच हातमोजे देऊ केले. आम्ही सगळ्या त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या. एवढा वेळ कशाकडेही मी कधी टक लावून बघितलं नव्हतं.

रस्त्याचा एक फोटो काढला. विचारलं, बोर्डाला तुमच्याबद्दल सांगितलं तर चालेल?

"नाव घेऊन सांग," म्हणाली.

३१ जाने.

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. ऑफिसात ग्रेगला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "बोर्डासमोर गप्प उभी राहणार? मुद्दाम?"

हो, म्हटलं. डेनिसला जे रोज होतं ते त्यांना थोडं होऊ दे.

ग्रेग पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "माझ्या पद्धतीनं तीनदा हरलोय. तुझ्या पद्धतीनं एकदा हरू."

७ फेब्रुवारी

आज संध्याकाळी मीटिंग होती. पहाटे बोटभर बर्फ पडला आणि सगळं बंद! शाळा, ऑफिसं, बोर्डही. मीटिंग एकवीसला. काल दुकानात ब्रेड, दूध, अंडी साफ, जणू महिनाभराचा वेढा पडणार. बाबा पार्किंग लॉटमध्ये मफलर बांधून मुठी मुठी बर्फ उचलत होते. "वर्ध्याला फोटो पाठव," म्हणाले, "म्हणावं, स्वेटरसुद्धा लागत नाही." लागत होतं चांगलं. कांदेपोहे केले, दोनदा. आज सराव केला नाही. फार मजेत गेला दिवस.

२२ फेब्रु.

काल झालं. सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर मलाच पुढं खरं वाटणार नाही.

शाळेची लायब्ररी, पुढं लांब टेबल. मध्ये अध्यक्ष मिसेस हॉलोवे, चांदीसारखे केस. शेजारी एक बो टायवाले आजोबा, मीटिंगभर प्रत्येकाला खर्च विचारणारे. मागं दहा-पंधरा लोक. 

उभी राहिले. पडद्यावर रिकामा रस्ता. म्हटलं, "गुड ईव्हनिंग. बस एवढ्यात येईल." आणि गप्प.

आधी सगळे हसरे. मग कुणी कागद चाळले. कुणी खोकलं. ग्रेगनं आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली ती वर बघेचना.  बोल, बोल, असं पोटातून येत होतं. नाही बोलले. बो टायनं घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं.

"मॅडम, आपण कशाची वाट बघतोय?"

"बसची, सर."

"आणि ती येणार केव्हा?"

"मला माहीत नाही, सर. डेनिसलाही माहीत नसतं."

मागून एक बाई चर्चमध्ये म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

खोलीत हशा, आणि त्या हशात माझी भीती गेली ती गेलीच. मग डेनिसचं सांगितलं. अंधार, युनिफॉर्म, बाळ, रोजचं. सगळं मिळून पाच स्लाइड, नऊच्याही कमी केल्या होत्या. मग टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकून मिसेस हॉलोवेंनाच नंबर फिरवायला लावला. आमचा डबा बाहेर आमच्या गाडीत होता, गाडी मि. चालवत होता, डबा बाबांच्या मांडीवर. आवाज आला, "तुमची बस एक स्टॉप दूर आहे." सगळे खिडकीकडे वळले. आणि वळणावरून आमची जुनी कोरोला येताना दिसली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोरोलाला! बाबांनी आतून हात हलवला म्हणे, कुणाला दिसला नाही त्याचं त्यांना फार वाईट वाटलंय.

बो टायनं विचारलं, "डबा बिघडला तर?"

"तर तो म्हणतो, मला माहीत नाही. खोटं सांगत नाही."

शेवटी मागितलं. स्वच्छ मागितलं. "आठ बस द्या, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. आज हो म्हणा, सोमवारी आम्ही डबे बसवायला येतो."

आज हो म्हणाले नाहीत. मार्चच्या मीटिंगमध्ये मतदान. ग्रेगचा चेहरा थोडा उतरला. माझा नाही उतरला. एकदाही कुणी 'पार्डन' म्हटलं नाही!!

२४ फेब्रु.

सकाळी ऑफिसात फोन. ग्रेगनं ऐकता ऐकता मला हातानं बोलावलं, स्पीकर लावला. मिसेस हॉलोवे. मागं वाऱ्याचा आवाज.

"मी तुमच्या त्या खांबाशी उभी आहे. डेनिसबरोबर. बस आलेली नाही."

म्हणजे बाई स्वतः गेल्या! कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत आपण एकाही स्टॉपवर उभ्या राहिलो नाही, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, मतदानाआधी डबा खऱ्या बसमध्ये बघायचाय, सहा मार्चला, याच स्टॉपवर. बो टायवालेही येणार. त्यांचं मत अजून 'नाही' आहे, हेही हसत सांगितलं.

फोन ठेवल्यावर ग्रेग आणि मी नाचलो. शब्दशः. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं पास झालं. नाही गं, म्हटलं, अजून काही झालं नाही.

५ मार्च, रवि.

काल डबा बसमध्ये बसवला. ड्रायव्हरनं जागा स्वतः पुसून दिली. तीन फेऱ्या मारल्या, डबा दोनदा बरोबर बोलला, एकदा पुलाखाली गप्प बसला. दुपारभर तेच दुरुस्त करत होते, झालंय बहुतेक.

बाबा उद्या येणारच म्हणतात. कोट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. मि.नं रजा घेतलीय. उद्या माझ्याकडे एकही स्लाइड नाही, हात रिकामे, विचित्र वाटतंय.

आत्ता चहा पिताना मि. म्हणाला, "आणि बस वेळेवर आली तर? कुणाला वाटच बघावी लागली नाही तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वेळेवर आली तर बो टाय म्हणणार, मग डबा हवा कशाला!

देवघरात जाऊन आले. जन्मात पहिल्यांदाच गणपतीला सांगितलं, बस जरा उशिरा येऊ दे.