दम लागला तर सांगा

प्रसेनजीत भावजी,

मी पहिल्या एसटीनं गडहिंग्लजला आईकडं चाललेय. तुम्हाला बॅग घेऊन दारातनं जाताना बघवणार न्हाय. भाकरी आणि खर्डा डब्यात हाय.

तुमचे दादा वारले त्याच डोंगरावर तुम्ही चाललाय. अडवत न्हाय. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्या, पण गोळी घेतली म्हणून भराभर चढू नका. अंगाला विरळ हवेची सवय व्हायला मुक्काम सांगितला की मुक्कामच करा. डोकं दुखलं, मळमळलं तर वर जाऊ नका. पाय लटपटले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरा.

तालमीत दम लागला म्हणणाऱ्याला जादा जोर मारायला लावतात, ठाऊक हाय मला. तुमच्या दादांनी वर डोंगरावरही तेच पाळलं. शेवटच्या फोनवर त्यांना श्वास पुरत नव्हता, आणि मला म्हणत होते, "काय न्हाय गं, चालतंय की."

तुम्ही तसं म्हणू नका. अर्ध्यातनं परत आलात तर स्टँडवर न्यायला मी येईन. तालमीत काय सांगायचं ते मी बघते.

रूपाली वहिनी